एक वीत गवत

"कडी लावलेल्या दारामागे काय आहे हे बघितल्याशिवाय शेळीला आणि माझ्या नणंदेला अन्न गोड लागत नाही," असं वहिनी एकदा म्हणाली होती. नणंदेच्या तोंडावर, आणि शेळीच्याही.

नणंदेला राग आला तो फक्त क्रमाचा. शेळी आधी का?

नणंद एकतीस वर्षं पोस्टात होती. त्यातली अठरा वर्षं 'चौकशी' अशी पाटी लावलेल्या खिडकीमागे बसली. लोक चौकशी करायला यायचे आणि बहुतेक वेळा स्वतःचीच सगळी माहिती देऊन परत जायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि जिथे जन्मली त्या घरात राहायला आली. भाऊ तोवर गेलेला होता. घरात त्याची बायको होती, म्हणजे वहिनी, आणि घराबाहेर एक गाय, एक कालवड, तीन शेळ्या, बारा कोंबड्या आणि एक गाढव. नणंद आली त्याच महिन्यात एक शेळी तोंडानं कडी काढायला शिकली. वहिनीनं तिचं नाव ठेवलं चौकशी. नणंद चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की न बोलल्यानं आपल्याला काही कळेनासं झालंय. मग बोलली.

गाढवाचं नाव पाहुणा. ते भावानं आणलेलं. "मित्राचं आहे, दोन दिवस ठेवू," असं म्हणून आणलं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली. मित्र मेला, भाऊ मेला, पाहुणा आपला दोन दिवसांचाच असल्यासारखा कुठल्याही कामाला हात न लावता कुंपणापाशी उभा. पाठीवर ओझं ठेवलं की खाली बसायचा. गाडीला जुंपलं की मागे चालायचा. खायला मात्र गाईच्या बरोबरीनं लागायचं.

वहिनी सदुसष्ट वर्षांची. अंगात नवऱ्याचा कोट, पायात नवऱ्याचे गमबूट, आणि गमबूट मोठे म्हणून आत मोज्यांचे तीन जोड. आजूबाजूचे सगळे तिला वहिनीच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला लोहारसुद्धा. ती कुणालाही काहीही बोले. पशुवैद्याला तिनं विचारलं होतं, की तुम्ही परीक्षा पास झालात तेव्हा जनावरांना कुणी विचारलं होतं का. नवऱ्याच्या मयतीला लोक समजूत घालायला बसले, तर म्हणाली, "गेले ते गेले. पण खुराड्याचं छप्पर अर्धं टाकून गेले. तोंडात तीन खिळे धरून शिडीवर चढले होते. ते खिळेपण सापडले नाहीत." लोकांना हसावं की उठावं कळेना. उरलेलं अर्धं छप्पर तिनं तेराव्या दिवशी स्वतः ठोकलं.

तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. नणंद दोन वर्षं लक्ष ठेवून होती. नोंद घेण्यासारखं काही घडलं नाही.

नवऱ्याची एक गोष्ट मात्र वहिनी फार मानायची. त्याची काठी. कोटापेक्षा, गमबुटांपेक्षा, आणि खुद्द नवऱ्यापेक्षाही. छातीएवढी उंच, चार ठिकाणी खाचा पाडलेली, तळाशी पितळेची टोपी ठोकलेली. पानगळ संपत आली की गवताची गंजी रचून व्हायची. गंजीचं बूड दरवर्षी तेच, चार कोपऱ्यांना चार दगड पुरलेले. म्हणून उंची मोजली की गवत किती ते कळायचं. गंजीला लागून काठी उभी करायची. पहिली खाच गाईची, दुसरी कालवडीची, तिसरी शेळ्यांची मिळून, चौथी पाहुण्याची. गंजी चौथ्या खाचेला टेकली तर थंडीभर सगळे जगतील. नाही टेकली तर एक तोंड कमी करायचं. भाऊ असेपर्यंत ती नेहमी टेकली. तो गेल्यावरही टेकली.

मागच्या वर्षी टेकली नाही. दोन बोटं कमी होती. वहिनी म्हणाली, दोन बोटांनी काय होतंय. थंडीच्या शेवटच्या महिन्यात गवत संपलं आणि गाईच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. नणंदेनं त्या मोजल्याही. गाय आटली ती आटलीच. त्या दिवशी वहिनी गोठ्यातून आली, गमबूट काढले, आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी काठी सांगेल ते. एक तोंड जास्त झालं तर एक तोंड जाईल. मग ते माझं का असेना."

"तुझं कोण नेणार," नणंद म्हणाली.

यंदाचा तो आठवडा सोमवारी सुरू झाला, नणंदेच्या भिंतीपासून.

नणंदेची खोली उत्तरेची. पहिल्या थंडीत तिचे गुडघे असे धरले की ती खुर्चीतून उठताना खुर्चीही बरोबर उठायची. म्हणून मागच्या वर्षीपासून वहिनी त्या भिंतीला बाहेरून गवताच्या पेंढ्या लावायची. खालपासून खिडकीपर्यंत रांगा, वरून जाळी, जाळीला तारा. भिंत कोट घातल्यासारखी दिसायची. आत वारा यायचा बंद झाला. नणंद खिडकीत बसून मोजत होती.

"चाळीस," ती म्हणाली.

"मोजा, मोजा," वहिनी तार पिळत म्हणाली. "एखादी पळाली तर कळायला हवं."

"गवत चांगलं दिसतंय गं."

"जुनं आहे. आतून बुरशी. जनावरं तोंड लावत नाहीत."

हे बोलत असताना चौकशी शेळीनं तारेचं बंडल उचललं आणि ती निघाली. तिला तार खायची नव्हती. ती कुठे संपते ते बघायचं होतं. वहिनी तिच्यामागे, तार दोघींच्या मागे, आणि तारेत पाय अडकलेला कोंबडा सगळ्यांच्या मागे, अशी मिरवणूक गोठ्याला वळसा घालून आली. गाय दाव्याला ताण देऊन मान लांब करून बघत होती. पाहुणा जागचा हलला नाही. त्यानं एक कान फिरवला.

मंगळवारी शेळ्यांची खुरं कातरली. एकीचं कातरताना बाकीच्या दोघी वहिनीच्या खांद्यावरून वाकून बघत, जणू पुढचा नंबर आपला आहे हे त्यांना माहीत होतं आणि कामाचा दर्जा तपासायचा होता. चौकशीनं वहिनीच्या खिशातून कानस काढली. मग रुमाल काढला. मग मागच्या वर्षीची एक पावती काढली आणि ती तेवढी खाल्ली.

बुधवारी माप.

वहिनीनं काठी गंजीला लावली. नणंद साक्षीदार म्हणून शेजारी. गंजीचा माथा तिसऱ्या खाचेच्या वर होता, आणि चौथ्या खाचेच्या खाली. वहिनीनं बोटं ताणून मधलं अंतर मोजलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"एक वीत," ती म्हणाली.

"मागच्या वर्षी दोन बोटं होती," नणंद म्हणाली. "दोन बोटांत गाय आटली."

"माहीत आहे."

"मग?"

वहिनी काठीच्या टोपीला लागलेला चिखल बुटाला पुसत राहिली. चौथी खाच कुणाची ते दोघींना माहीत होतं. पाहुणा कुंपणापाशी उभा होता. त्याचा खालचा ओठ लोंबत होता. विचारात पडलेल्या माणसाचाही असाच लोंबतो.

"टेंपोवाल्याला निरोप देते," वहिनी म्हणाली. "शनिवारी येईल. वीटभट्टीवाले घेतात म्हणे म्हातारी गाढवं."

"वीटभट्टीवर हा काय करणार?"

"इथे काय करतो? तिथे जाऊन तेच करेल."

नणंदेला वाईट वाटलं नाही, असं ती स्वतःला सांगत होती. पाहुणा तिला कधी आवडला नव्हता. तो रोज सकाळी तिच्या खिडकीशी यायचा. ती केस विंचरत असली की तो बाहेर. चहा पीत असली की तो बाहेर. डोकं खाली, मग वर, मग डोळे थेट आत. "वहिनी, हा बघतो," असं तिनं मागच्या थंडीत दहादा सांगितलं होतं. वहिनी म्हणायची, "वन्सं, त्याला बघण्यासारखं कशाला म्हणतात हे कळत असतं तर तो एवढी वर्षं इथे राहिला असता का?" पण नणंदेची खात्री होती. तिनं अठरा वर्षं खिडकीत काढलेली. खिडकीबाहेर उभं राहणाऱ्याला आतलं काहीतरी हवं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

गुरुवारी वहिनीनं खुराड्याच्या फटी बुजवल्या. दुपारी नणंद आडवी पडली होती. गोठ्यातून करवतीचा आवाज आला. थोडा वेळच. थांबला, मग पुन्हा आला, मग बंद. करवत जशी चालायला हवी तशी ती चालत नव्हती. कापणाऱ्याला घाई नव्हती, किंवा कापायचंच नव्हतं. नणंद उठली.

"काय कापलंस?"

"अडसर. दाराला बसत नव्हता."

वहिनी गेल्यावर नणंदेनं अडसर बघितला. होता तेवढाच होता, वर बोटभर धूळ. खाली जमिनीवर मात्र पिवळा भुसा सांडला होता आणि चार कोंबड्या त्यात चोची मारून निराश होत होत्या. चौकशी दावणीखाली डोकं घालून उभी होती. नणंदेनं तिच्या शेजारी वाकून बघायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांनी नकार दिला. दोघींपैकी एकीलाच आत काय आहे ते कळलं, आणि ती सांगणारी नव्हती.

शुक्रवारी नळाला पोती गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता वहिनी सहज बोलल्यासारखं बोलली.

"गंजी ओली होती हो त्या दिवशी. बसली होती. उद्या पुन्हा माप घेऊ. टेंपोवाल्यासमोर."

"वाळलेली वस्तू आटते," नणंद म्हणाली. "फुगत नाही."

"पोस्टात गवत यायचं का?"

"नाही."

"मग राहू द्या."

नणंदेनं राहू दिलं नाही. रात्री जेवताना, सकाळी तोंड धुताना तिनं तीच गोष्ट चघळली. गंजी एक वीत वाढणार कशी? आणि वाढली नाही तर वहिनी पुन्हा मोजणार कशाला? ही बाई एकदा मोजलेलं पुन्हा मोजणारी नव्हती. तिनं नवऱ्याला एकदाच पाहिलं आणि हो म्हणून टाकलं होतं.

शनिवारी टेंपोवाला आला. जाड, घोरल्यासारखा श्वास घेणारा माणूस. जनावरांशी गोड आणि माणसांशी तुटक बोलायचा. भावाच्या वेळेपासून येत होता, काठी त्याला ठाऊक होती. त्यानं पाहुण्याचे दात बघितले. पाहुण्यानंही त्याचे बघितले, कारण टेंपोवाल्यानं जांभई दिली होती.

"चोवीसेक वर्षांचं असेल," टेंपोवाला म्हणाला. "भट्टीवर एक थंडी काढेल. कदाचित."

"थांबा," वहिनी म्हणाली. "आधी माप."

तिनं काठी आणली. गंजीपाशी चिखल होता. नेमका तिथेच तिनं ती रोवली, बूड दिसेनासं झालं. गंजीचा माथा चौथ्या खाचेला टेकला. अगदी बरोब्बर.

"टेकलं," वहिनी म्हणाली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. चहा घेऊन जा."

टेंपोवाल्यानं काठीकडे बघितलं, गंजीकडे बघितलं, मग नणंदेकडे. "ताई, वहिनींच्या निरोपात तर एक वीत कमी होतं."

"ओली होती," नणंद म्हणाली. का म्हणाली हे तिचं तिलाच कळलं नाही.

तिघं स्वयंपाकघरात आली. लहान खोली, टेबल भिंतीला लावलेलं, तीन खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय तारेनं बांधलेला. ती टेंपोवाल्याला दिली. पलीकडे नणंदेच्या खोलीचं दार उघडं, आणि त्यातून तिची खिडकी दिसत होती. वहिनीनं चहा ओतला. टेंपोवाला दुसऱ्या गावच्या एका बैलाची गोष्ट सांगत होता. बैलाला चष्मा लावून त्याचा फोटो काढला होता, असं काहीतरी.

मागच्या दाराची कडी वाजली. सावकाश, आतल्या माणसांना त्रास होऊ नये अशी. दार उघडलं आणि चौकशी आत आली. तिच्या तोंडात एक लाकूड होतं. आडवं धरलेलं, म्हणून दारात अडकलं. ती मागे सरली, मान तिरकी केली, आत घेतलं, टेबलापाशी आली आणि ते लाकूड टेंपोवाल्याच्या बुटावर टाकलं. पितळ फरशीवर वाजलं.

एक वीत लांब तुकडा. एका टोकाला पितळेची टोपी. दुसऱ्या टोकाला करवतीचा ताजा, पिवळा काप.

टेंपोवाल्यानं तो उचलला. उलटा केला, सुलटा केला. त्याला हसू येत होतं, पण तो घोरल्यासारखा श्वास घेत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "ही तर दादांची काठी."

पशुवैद्याला, तलाठ्याला, मयतीला आलेल्यांना, मेलेल्या नवऱ्यालासुद्धा जिच्याकडे उत्तर होतं, ती किटलीच्या झाकणाकडे बघत राहिली. कोटाची बाही तिच्या बोटांवर आली होती. नणंदेला पहिल्यांदाच दिसलं की तो कोट तिला किती मोठा होतो.

"म्हणजे गवत कमीच आहे," टेंपोवाला म्हणाला. आवाज वाईट नव्हता त्याचा. "मागच्या वर्षी गाय आटली, यंदा जाईल, वहिनी. गाढव राहील आणि गाय जाईल. काय करायचं सांगा. टेंपो बाहेर आहे."

सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची वेळ ही होती, आणि नणंदेला एकही सुचेना. तिनं नजर चुकवायला म्हणून आपल्या खोलीकडे बघितलं. खिडकीबाहेर पाहुण्याचे कान होते. कान खाली गेले. काहीतरी ओढल्याचा, तुटल्याचा आवाज आला. कान वर आले, मग डोळे, मग तोंड, आणि तोंडात दोन्हीकडून लोंबणारं हिरवट, सुकलेलं, उत्तम गवत. तो आत बघत होता, पण चावताना माणूस भिंतीकडे बघतो तसं. तिच्यात त्याला काडीचा रस नव्हता.

मागची अख्खी थंडी तो हेच करत होता. आणि ती पडदा ओढून घेत होती.

बुरशी म्हणे. जनावरं तोंड लावत नाहीत म्हणे.

नणंद एकतीस वर्षं पोस्टात होती. तिला बेरीज येत होती. भिंतीला गवत लागायला लागलं मागच्या वर्षी. गंजी कमी पडायला लागली मागच्या वर्षी. तेव्हा पेंढ्या थोड्या होत्या, गंजीची दोन बोटं. यंदा गुडघे जास्त दुखतात म्हणून चाळीस. चाळीस पेंढ्या त्या चार दगडांमध्ये पसरल्या तर किती होतील? एक वीत. फार तर एक वीत आणि वर थोडं.

आणि ही बाई तिच्याकडे भिंतीचं गवत मागायच्या ऐवजी मेलेल्या नवऱ्याची काठी कापत बसली होती. भर दुपारी. थांबत थांबत.

"दादा," नणंद टेंपोवाल्याला म्हणाली, "तुमच्या बैलाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या बैलाचं?"

"चष्म्याच्या."

"काही नाही. चष्मा मोडला."

"बरं. मग चहा प्या आणि निघा. रिकामा टेंपो न्यायला तुम्हाला मदत लागणार नाही."

टेंपोवाल्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान वर केली नव्हती. त्यानं चहा संपवला, पितळेच्या टोपीचा तुकडा टेबलावर उभा ठेवला आणि उठला. तारेनं बांधलेली खुर्ची त्याच्या मागे आडवी झाली. चौकशी लगेच तिचा पाय तपासायला गेली.

टेंपो सुरू होऊन वळला. मग नणंद बोलली, आणि एकदा लागली की थांबणं तिला जमायचं नाही.

"माझी भिंत काढ. आजच काढ, सगळी. गंजीवर टाक. मला बुरशी सांगतेस? मी लोकांची बंद पाकिटं उजेडाला धरून वाचलीत, आणि तू मला गवत शिकवतेस? विचारायचं होतंस. तोंड आहे ना? पशुवैद्याला चालतं, मला चालत नाही? गुडघे माझे आहेत, मी बघेन त्यांचं. दोन रजया घेईन. तुझ्या खोलीत झोपेन, तू घोरतेस ते मला भिंतीपलीकडूनही ऐकू येतंच. काठीला नवीन लाकूड जोडून आण लोहाराकडून, आणि टोपी तीच लाव. आणि हे बघ—"

वहिनी उठली. टेबलावरचा तुकडा उचलून तिनं कोटाच्या खिशात घातला. खिसा खोल होता, टोपीसकट तुकडा आत गेला.

"—खिडकीखालच्या चार पेंढ्या तेवढ्या ठेव," नणंद म्हणाली. "चार. जास्त नको. तिथूनच वारा येतो. आणि त्याही त्यानं खाल्ल्या तर खाऊ दे, पण मी केस विंचरायच्या आत नको. ऐकतेस ना? वहिनी, मी काय म्हणते—"

वहिनीनं दारामागचं गवत काढायचं दाताळं घेतलं. एका हातानं चौकशीच्या कानाला धरलं, तिला खुर्चीपासून ओढलं, आणि नणंद बोलत असतानाच बाहेर गेली.